नजर मिळवून सांग

"नजरच नाही मिळवून राहिली ती. तिनंच फोडला पेपर."

स्टाफरूमचं दार अर्धं उघडं होतं. मी वह्यांचा गठ्ठा घेऊन बाहेर उभी. आवाज गणिताच्या सरांचा. मग कोणीतरी म्हणालं, रोबोटला कितीत फोडलं असेल? आत हशा.

रोबोट म्हणजे मी. पांढुर्ण्याच्या एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवते. सावरगावहून पूल ओलांडून पायी येते, पायीच परत जाते. त्या आठवड्यात आठवीचा इंग्रजीचा पेपर परीक्षेआधीच पोरांच्या मोबाइलवर फिरला होता. पेपर मी काढला होता. छपाई ऑफिसात झाली होती. ऑफिसकडे कोणी बोट दाखवलं नाही.

दुपारी मॅडमनी सगळ्यांसमोर बोलावलं. मॅडम म्हणजे संचालकांच्या पत्नी. शाळा त्यांच्या घरची.

"माझ्या डोळ्यात पाह्य अन् सांग. कोणाले देला पेपर?"

बायकांशी बोलताना मी टिकलीकडे पाहते. सातवीत शोधलेली युक्ती. समोरच्याला वाटतं, डोळ्यात पाहतेय. मॅडमनी त्या दिवशी टिकली लावली नव्हती. कोरं कपाळ. म्हणून खरोखरच डोळ्यात पाहिलं. तसं पाहिलं की मला शब्द कळत नाहीत, नुसते ओठ हलताना दिसतात. माझी नजर घसरून त्यांच्या कानातल्यावर गेली.

मॅडम सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, पाह्यलं ना? मग मला हुकूम झाला, डोळ्यात पाहत दहापर्यंत मोज. एका शिक्षिकेला. अकरा जणांसमोर. मी चारवर थांबले. संगीताच्या सरांनी टाळी वाजवली.

घरी आई म्हणाली, लोकांकडं जरा पाहत जा, त्यात एवढं काय जड आहे? जड आहे, हे तिला कधी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं, सगळ्यांनाच जड जातं. बाकीचे फक्त धीट आहेत.

त्याच दिवसांत मोबाइलवर मोठ्या माणसांमधल्या ऑटिझमबद्दल एक लेख वाचला. विश्वास बसला नाही. राशिभविष्यही सगळ्यांना लागू पडतं. म्हणून फक्त तेवढंच लिहून काढलं जे शपथेवर सांगू शकेन. फोन करण्याआधी मी वाक्यं वहीत लिहून घेते. प्रत्येक कुर्त्याचं लेबल कापते. मावसबहिणीच्या लग्नात डीजे सुरू झाला तेव्हा तासभर बाथरूममध्ये बसले होते. इतिहासाच्या वैशालीताई सहज म्हणाल्या, येजो कधी घरी. मी त्याच रविवारी गेले. दारात त्यांचा चेहरा मला वाचता आला नाही. घरी येऊन रात्रीपर्यंत तोच चेहरा वाचत बसले.

पान भरलं. मागचं पानही.

नागपूरच्या एका मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. आईला सांगितलं नाही. ऑटिझम आहे की नाही, मला माहीत नाही. लेख वाचून कळत नसतं, ते तपासणारे ठरवतील. पण माझे डोळे माझ्याविरुद्ध साक्ष देतात, हे मला आता मान्य नव्हतं.

सोमवारी वैशालीताई एक टाइप केलेला कागद घेऊन आल्या. माफीनामा. माझं नाव, तारीख, सगळं आधीच भरलेलं. "सही करून दे वं. मॅडम मोठ्या मनाच्या आहेत. नोकरी टिकून जाईन तुही." आवाज मऊ होता. मऊ आवाजाची मला जास्त भीती वाटते. माझी सही मिळाली की पुढे कोणी काही विचारणार नव्हतं. ही घाई कोणाला होती?

तो कागद घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. मॅडमनी पेन पुढे केलं. दोन सर दाराशी उभे, गंमत पाहायला. जाता जाता चार वाक्यं इंग्रजीत जुळवली होती. त्यांतलं एकही आठवलं नाही. मी खिडकीकडे पाहिलं. तिकडे पाहताना मॅडमचा आवाज नीट ऐकू येत होता. पेन घेतलं नाही.

"पेपर मी फोडला नाही, मॅडम. मी तुमच्याकडं पाहणार नाही अन् सहीही करणार नाही. काढायचं असन तं काढा. पण कारण लेखी द्या. लिहा, हिनं डोळ्यात पाह्यलं नाही म्हणून काढली."