ॲडमिरलची बाटली

“दाताले इचारा,” असं म्हणत काकाजी धानाचा दाणा दाढेखाली धरायचे. कट्ट आवाज झाला की धान वाळलेलं, नुसताच दबला की ओलं. मग दाणा थुंकून गाडीवाल्याला सांगायचे, “आज नाही. दोन दिवस वाळव अन् आण.” आमगावच्या आमच्या राइस मिलमध्ये ओलावा मोजायचं यंत्र आलं होतं, पण मालक यंत्राचा आकडा पाहून झाला की काकाजींच्या तोंडाकडे पाहायचे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांना आपलं काम कामावर ठेवून घरी जाता येत नाही. लग्नात हातात अक्षता पडल्या की काकाजींचा एक दाणा आधी तोंडात जायचा. मंगलाष्टकं चालू असताना माझ्या कानाशी येऊन म्हणायचे, “तांदूळ ओला हाये, बाबू. पोरीच्या बापानं घाई केली.”

त्यांचा एकुलता पोरगा जहाजावर स्वयंपाकी होता. आमच्याकडे पाणी म्हणजे तलाव नाहीतर शेतातली बोडी. काकाजींनी समुद्र पाहिलाच नव्हता. तो पोरगा तापानं जहाजावरच गेला. कंपनीचं इंग्रजी पत्र आलं, ते वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं, कारण ऑफिसात इंग्रजी वाचणारा मी एकटाच. बंदर फार लांब होतं, देह टिकवणं शक्य नव्हतं, म्हणून समुद्रात सोडला, एवढंच त्यात होतं.

“कोणालेच नाही आणत?” काकाजींनी विचारलं.

“कोणालाच नाही. मोठा साहेब असता तरी असंच केलं असतं.”

हे पत्रात नव्हतं, ते माझं होतं. पण ते ऐकून त्यांनी रोखलेला श्वास सोडला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पुढे वर्षभर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच सांगत राहिले, “मोठा साहेब असता तरी असंच करतेत.”

पोराची पेटी आली होती, तिच्यात कपड्यांत गुंडाळलेली बिअरची एक बाटली होती. इंग्लंडच्या बंदरात घेतलेली. वर्षश्राद्ध झाल्यावर एका दुपारी काकाजी ती पिशवीतून मिलमध्ये घेऊन आले. “त्यानं बापासाठीच घेतली असन. तुम्ही बी घ्या घोटभर.”

बाटलीचं झाकण त्यांनी दाढेनंच उघडलं. चहाच्या दोन ग्लासांत तांबूस, कोमट फेस आला. मला आधी करपलेल्या गुळासारखी चव लागली, मग जिभेच्या मुळाशी कडूपणा बसला तो हलेना. काकाजींनी घोट तोंडात फिरवला, सवयीनं थुंकायला वाकले आणि थांबले. पोराची वस्तू होती. त्यांनी तो गिळला.

“कडू हाये. इंग्रज लोक हौसेनं पिते का हे?” असं म्हणून ते हसले. वर्षभरात पहिल्यांदाच. “वाचा ना बाबू, काय लिवलं हाये.”

बाटलीवर नाव होतं ‘ॲडमिरल्स ब्लड’. मागे बारीक अक्षरांत त्याची गोष्ट छापलेली. मी रंगात येऊन सांगू लागलो. जुन्या काळी एक ॲडमिरल, म्हणजे आरमाराचा मोठा साहेब, लढाईत जहाजावर मेला. खलाशांनी त्याचा देह दारूच्या पिंपात ठेवला आणि तसाच घरापर्यंत आणला. वाटेत काही जण त्याच पिंपातली दारू चोरून प्यायले, असं म्हणतात, म्हणून हे नाव.

अर्ध्यावरच मला कळलं मी काय वाचतोय. पण तोंड थांबलं नाही.

“घरी आणलन त्याले?”

“हो.”

“तवा तं बरफ बी नसन.” काकाजींनी ग्लास खाली ठेवला. “माहा पोरगा सांगे, जहाजात सहा महिन्याची कोंबडी बरफात राहते म्हणून.”

ते बाटली तिथेच सोडून उठले.

आठ दिवसांनी आले, हातात कंपनीचं पत्र. टेबलावर ठेवलं. “तिघाजवळून वाचून घेतलं. शाळेच्या गुरुजीजवळून बी. मोठ्या साहेबाचं यात कुठंच नाही.”

“तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोललो, काकाजी.”

“तुमचा दाणा ओला होता, बाबू,” ते म्हणाले. आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. “अन् मी वरीसभर लोकायले वाटला.”

त्यानंतर ते मिलमध्ये आले नाहीत. मालकांनी दोनदा बोलावणं धाडलं. तिसऱ्या वर्षी काकाजी गेलेच.

आता धान यंत्रच पाहतं. लोक अजून माझ्याकडे इंग्रजी कागद घेऊन येतात. परवा एक बाई नवऱ्याचा दवाखान्याचा कागद घेऊन आली. होतं तेवढं मी वाचलं. ती माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहिली, मी आणखी काही बोलेन म्हणून. मी कागदाची घडी केली आणि तिच्या हातात दिली.