दम तुटला तेव्हा मी रेषेजवळ होतो

लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. बऱ्याच कचेऱ्या अजून भाड्याच्या घरांत होत्या आणि नव्या पाट्यांवरचा रंग पुरता वाळला नव्हता. पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. मी रेणापूरजवळच्या एका खेड्यातून लातूरला कॉलेजात आलो होतो आणि वसतिगृहात राहत होतो. आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळे सुट्टीत गावी गेलो की विहारात मला पुढे बसवायचे. तिथे बसायला मला संकोच वाटायचा. मी अजून काहीच केलेलं नव्हतं.

माझं अक्षर मात्र चांगलं होतं. त्या अक्षरामुळे मला एक काम मिळालं. बसस्टँडसमोर एका साप्ताहिकाचं छोटं कार्यालय होतं आणि त्याच्या दारात एक काळा वार्ताफलक टांगलेला असे. कॉलेजला जाण्याआधी तो खडूने लिहायचा. वरच्या भागात अडतीतले तूर-करडीचे भाव आणि कोणत्या गल्लीत पाण्याचा टँकर किती वाजता येणार ते. त्याखाली सात ओळींची जागा बातमीला. त्या दोन वर्षांत लातुरात सर्वांत जास्त वाचलं जाणारं काही असेल तर तो फलक असावा, आणि त्याचं कारण बातमी नव्हती, टँकर होता. घागरी खाली ठेवून बायका शाळेतल्या पोरांकडून वेळा वाचून घ्यायच्या, आणि पोरं मग खालची बातमीही मोठ्याने वाचायची.

आमच्याच वस्तीतला एक जण कबड्डी खेळायचा. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो. लहानपणी ओढ्याला पाणी असलं की मला खांद्यावर घेऊन शाळेत पोचवणारा तोच. सातवीनंतर त्याने शाळा सोडली. दुष्काळात तो पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जाई आणि संध्याकाळी त्याच अंगाने मैदानात उतरे. नव्या जिल्ह्याचा पहिला संघ निवडला तेव्हा चढाईसाठी त्याचं नाव आलं. गावातली जमीनवाली मंडळीसुद्धा त्याला ‘आपला गडी’ म्हणू लागली. आधी कधी म्हणाली नव्हती. पोलीस भरतीत खेळाडूंसाठी काही जागा होत्या, आणि जिल्ह्याच्या क्रीडा समितीचं शिफारसपत्र मिळालं तर दादाचं काम होण्यासारखं होतं. त्याची आई माझ्या आईच्या शेजारी बसून खडी फोडायची. ती म्हणायची, “एकदा त्याच्या अंगावर खाकी आली ना, मंग ही हातोडी मी हिरीत टाकीन. पानी न्हाई तर हिर तेवढ्या कामाला तरी येईल.”

विभागीय स्पर्धा नांदेडला होत्या. संपादक म्हणाले, “तू जा संघाबरोबर. येताना सात ओळी आण.” आम्ही एका ट्रकच्या हौद्यात बसून गेलो. दादा वाटभर खोकत होता. तलावाची धूळ छातीत बसली होती. मी त्याला पाण्याची बाटली दिली. तो एक घोट प्यायला आणि बाकीचं पाणी पुढच्या पोराकडे दिलं.

शेवटचा सामना लातूर आणि नांदेडचा लागला. मला खुर्ची नव्हती, म्हणून मी मैदानाच्या कडेला, मध्यरेषेपाशी मांडी घालून बसलो. शेवटचं मिनिट राहिलं होतं, गुण बरोबरीत होते आणि दादा चढाईला गेला. कबड्डीत चढाई करणाऱ्याने एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत राहायचं असतं. दम तुटला की तो बाद. दादाने नांदेडच्या डाव्या कोपऱ्यातल्या पोराला पायाने शिवलं आणि वळला. आणि तिथे त्याचा आवाज थांबला. एक खोकला त्याने गिळला, छाती एकदा वर-खाली झाली, आणि पुन्हा ‘कबड्डी’ सुरू झालं. तो रेषेच्या आत येऊन पडला.

“दम तुटला! पंच, दम तुटला त्याचा!” डाव्या कोपऱ्यातलं पोर ओरडत होतं. इस्लापूरकडचं होतं म्हणे, काळंसावळं, किडकिडीत. पंच पलीकडच्या बाजूला होते आणि लोकांचा गलका इतका होता की त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्यांनी गुण दिला. पोर वाद घालू लागलं तेव्हा त्याला मैदानाबाहेर काढलं. बाहेर जाताना ते माझ्याकडे बघून म्हणालं, “भाऊ, तुम्ही तर हितंच बसले होते. सांगा की.”

मी काही बोललो नाही.

येताना ट्रकमध्ये दादा माझ्यापासून तीन हातांवर बसला होता. गुलालाने त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं. पोरं नव्या जिल्ह्याच्या नावाने घोषणा देत होती. मी त्याला विचारायला हवं होतं. ‘दादा, तुटला होता का?’ एवढंच. इतका आनंद चाललेला असताना विचारणं मला बरं वाटलं नाही. आता वाटतं की मी त्याच्या आनंदाला जपत नव्हतो. मला त्याच्या उत्तराची भीती वाटत होती.

सकाळी संपादकांना सगळं सांगितलं. ते चहा पीत होते.

“तुझ्या कानाने ऐकलंस?”

“हो.”

“मग लिही. जिंकलो जिंकलो सगळेच लिहितील.”

मी लिहिलं. लातूरचा विजय, गुण, आणि मग असं, की निर्णायक चढाईत आपल्या खेळाडूचा दम मध्येच तुटला होता, पंचांच्या ते लक्षात आलं नाही, नांदेडच्या खेळाडूची तक्रार खरी होती. एवढ्यात सहा ओळी झाल्या. सातव्या ओळीत मला लिहायचं होतं की हा खेळाडू तलावाच्या कामावर राबतो आणि धुळीने आजारी असूनही खेळला. तेवढ्यात आतून निरोप आला की टँकरची एक वेळ बदलली आहे. वरती जागा नव्हती, म्हणून ती खाली लिहिली. मी अक्षर बारीक करू शकलो असतो, जिंकल्याची ओळ आखडती घेऊ शकलो असतो. तसं केलं नाही. खोकल्याचं लिहिलं तर भरतीवाले त्याची छाती तपासतील, असंही एकदा मनात आलं. पण खरं कारण ते नव्हतं. मला कॉलेजला उशीर होत होता.

दुपारी परत आलो तर फलकासमोर वीस-पंचवीस पोरं उभी होती. बहुतेक कबड्डीवाली, काही नुसतीच जमलेली.

“कुनी लिव्हलं हे?”

“अक्षर बघ ना. त्या वसतिगृहातल्या पोराचं हाय.”

“आरं, हा तर त्याच्याच वस्तीतला हाय की!”

एकाने माझी कॉलर धरली. “काय रे लेका, नांदेडवाल्यानं पेढे दिले का तुला?”

“मी ऐकलं ते लिहिलं,” मी म्हणालो. आवाज फारच बारीक निघाला.

“तुझे कान लई मोठे हायत. पंचाला न्हाई आलं ऐकू, तुला आलं व्हय?”

मागून कोणी तरी हसून म्हणालं, “त्याला पुढच्या टायमाला पंचच करा. पांढरी टोपी घाला.” सगळे हसले. त्या हसण्यामुळेच बहुधा मला मार बसला नाही. एकाने ओलं फडकं आणून फलक पुसला, वरपासून खालपर्यंत. त्यात टँकरच्या वेळाही गेल्या. थोड्या वेळाने तीन बायका घागरी घेऊन आल्या. काळा फलक बघून त्यातली एक त्या पोरांवरच उसळली, “कुण्या मुडद्यानं पुसलं रे? आता टँकर कवा येनार ते तुझी कबड्डी सांगनार का?” पोरं पांगली. मी आत जाऊन पुन्हा फक्त वेळा लिहिल्या. खालच्या सात ओळी कोऱ्या ठेवल्या.

रविवारी गावी गेलो. बातमी माझ्याआधी पोचली होती. पारावर बसलेला एक माणूस मला ऐकू जाईल असं म्हणाला, “त्यांचंच पोरगं खेळलं, त्यांच्याच पोरानं लिव्हलं. आपल्याला काय करायचं?” आठ दिवसांपूर्वी हाच माणूस दादाला ‘आपला गडी’ म्हणत होता. घरी आई चुलीपुढे बसली होती. ती म्हणाली, “त्याची माय आता दुसऱ्या ढिगाला बसती. मी हाक मारली तर हातोडीच जोरात मारून राहिली.” बाबा एरवी फार बोलत नसत. ते म्हणाले, “खरं लिव्हलंस ना?” मी म्हणालो, हो. “मंग तोंड कामून पाडलंस?” आणि ते बाहेर निघून गेले.

चार दिवसांनी दादा वसतिगृहावर आला. धुतलेला सदरा घालून, दारातच उभा. मी त्याला आत बोलावलं. तो खाटेच्या कडेला बसला. मी विचारलं, “दादा, तुटला होता का?”

त्याने माझ्याकडे बघितलं. “आता इचारून राहिलास?”

मी उठून दार लोटून घेतलं.

“हाव. तुटला व्हता. खोकला आला अन् गिळला. मला वाटलं, कुनाला कळलं न्हाई.” मग म्हणाला, “तू ट्रकमधी इचारलं असतं तर मीच सांगितलं असतं. अन् कामून तुटला ते बी सांगितलं असतं. तू तर बाटली बी दिली व्हतीस मला. ते न्हाई लिव्हलंस.”

क्रीडा समितीने त्याचं शिफारसपत्र अडवून धरलं होतं. कोणी तरी फलकाची बातमी उतरवून त्यांच्याकडे दिली होती. दादा म्हणाला, “तुला खोटं सांग म्हनत न्हाई मी. निस्तं संगं चल.”

समितीचे सचिव एका भाड्याच्या खोलीत बसत. भिंतीला जिल्ह्याचा नवा नकाशा होता. त्यांनी मला बसायला सांगितलं. दादा उभाच राहिला.

“काय रे बाळ, तू कॉलेजात शिकतो. नीट विचार करून सांग. एवढ्या गोंधळात तुला पक्कं ऐकू आलं होतं?”

मला पक्कं ऐकू आलं होतं. दादाने स्वतः कबूल केल्यालाही तास झाला नव्हता. मी दादाकडे पाहिलं. तो नकाशाकडे बघत होता. मला हो म्हणता आलं नाही आणि नाही म्हणण्याचं धाडसही नव्हतं. मी म्हणालो, “खात्री नाही, साहेब.”

सचिवांना हायसं वाटलं. त्यांनी कागदावर लिहिलं, ‘बातमी देणाऱ्याची ऐकण्यात चूक झाली असण्याची शक्यता आहे,’ आणि माझ्यापुढे सरकवला. मी सही केली. सही करताना मला इस्लापूरकडचं ते पोर आठवलं. मैदानाबाहेर जाताना त्याने मलाच साक्षीदार मानलं होतं, आणि मी त्याला लेखी खोटं ठरवत होतो. त्याच्या जिल्ह्यातही भरती असणार होती. सचिव दादाला म्हणाले, “शिकलेलं पोर आहे. चूक मान्य केली, मोठेपणा आहे.” हे वाक्य मला आजही ऐकवत नाही.

मी संपादकांना जाऊन सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, “आधी तू म्हणालास ऐकलं, मी मानलं. आता म्हणतोस खात्री नाही. मी कोणतं मानू?” मग म्हणाले, “उद्यापासून भाव आणि टँकर लिही. बातमी मी लिहीन.” ते बरोबरच होतं. मी वर्षभर भाव आणि टँकर लिहिले.

दादा भरती झाला. त्याच्या आईने खडीवर जाणं सोडलं. माझ्या आईशी ती पुन्हा बोलू लागली, पण माझ्यासमोर ती तो विषय काढत नसे. बाकीचे लोक सगळं विसरले. भेटले की म्हणायचे, “चूक झाली व्हती ना तुझी? व्हतं तसं. वय हाय.” मी मान हलवायचो.

सुट्टीवर आलेला दादा एकदा मला कोरड्या तलावाच्या बांधावर भेटला. खाकी पँट, वर बनियन. आम्ही बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. मग तोच म्हणाला, “भरतीच्या टायमाला पळायचं व्हतं ना, तिथं बी तुटला दम. दोनदा बसलो, पुन्ना उठून पळालो. पन तिथं बसलं तरी चालतं.” तो हसला. “कबड्डीतच चालत न्हाई.”

मीही हसलो. मग म्हणालो, “दादा, त्या दिवशी मी साहेबाला हो म्हणालो असतो तर?”

तो पायाने बांधावरची माती उकरत राहिला. मग म्हणाला, “तर मी खडी फोडत असतो. अन् तुला हाक मारली नसती.” त्याने एक खडा कोरड्या तलावात भिरकावला. “पन तू खात्री न्हाई म्हनालास, तवा मला बी बरं न्हाई वाटलं. खरं सांगू? मला वाटलं व्हतं, तू हो म्हनशील.”

तो उठला, पँट झटकली आणि घराकडे निघाला. मी लगेच त्याच्या मागे गेलो नाही.