रिसीव्हरवरचं कव्हर

बीरगावच्या कारखान्यांकडून वारा सुटला की आमच्या चौबे कॉलनीतल्या घरात खिडक्यांवर काळी धूळ बसते. या धुळीशी माझ्या आईनं जन्मभर वैर धरलं होतं. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटला प्लास्टिक. बाबांच्या स्टिरिओ रिसीव्हरला, म्हणजे स्पीकर जोडलेल्या मोठ्या रेडिओला तर जुन्या जाड पडद्याचं, आतून अस्तर लावलेलं कव्हर. मी म्हणायची, आता बाबांनाच एक शिवायचं राहिलंय. त्यावर ती टेप घेऊन बाबांच्या खांद्याचं माप घ्यायचं नाटक करायची.

आई गेली आणि थोड्याच दिवसांत रिसीव्हर मधेच बंद पडू लागला. रेल्वेतून निवृत्त झालेले बाबा संध्याकाळी रेडिओवर जुनी गाणी लावून बसत. तासभर ठीक चालायचं, मग खट्कन आवाज व्हायचा, लाल दिवा लुकलुकायचा आणि सगळं गप्प.  बाबा उठून हात धुऊन ताट वाढून घेत. चिडचिड व्हायची ती माझी. आईला वाचवणं माझ्या हातात नव्हतं, निदान हे यंत्र तरी मला दुरुस्त करता यायला हवं होतं.

प्लग दुसऱ्या बोर्डात लावून पाहिला. स्टॅबिलायझर काढला. स्पीकरच्या वायरीची एखादी तार शेजारच्या तारेला चिकटली तरी रिसीव्हर बंद होतो असं वाचलं, म्हणून सगळ्या वायरी सोडवून, पिळून परत बसवल्या. आवाज कमी ठेवला. काही उपयोग नाही. शेवटी स्कूटीवर पायांशी ठेवून बूढापाऱ्यातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथे तो दुपारभर गात राहिला.

“दीदी, इसमें तो कोई खराबी नहीं है,” दुकानदार म्हणाला. मला त्या रिसीव्हरचा असा राग आला! पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागणाऱ्या पोरासारखा वाटला मला तो.

घरी आणून जोडला. बाबांनी लगेच त्यावर आईचं कव्हर घातलं, पुढची कड जराशी वर सरकवली आणि बटण दाबलं. आई होती तेव्हा कव्हर चढायचं ते गाणी बंद झाल्यावर. दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी तिनं ते शेवटचं घातलं, आणि तेव्हापासून बाबा ते काढू देत नव्हते. मी दुकानात गेले तेव्हाही बाबा ते घडी करून मांडीवर घेऊन बसले होते. या वेळी रिसीव्हर बंद पडताच मी कव्हरखाली हात घातला. वरची जाळी चटका बसावा इतकी तापली होती.

“बाबा, कव्हरनं गरम होऊन राहिला हा. काढा न ते.”

 बाबांनी कव्हर उचललं आणि कपाटात ठेवलं. मला जिंकल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या संध्याकाळी गाणी थांबलीच नाहीत. जेवण निवून गेलं. हाक मारली तर म्हणाले, “गाणं चालू आहे न.” त्यानंतर रोज तेच. ताट झाकलेलंच राहायचं. आधीच सदरा त्यांच्या अंगावर ढगळ होऊन लोंबत होता. एकदा मी सरळ बटण दाबून रिसीव्हर बंद केला.

“काहून बंद केला तू?” म्हणत त्यांनी तो परत लावला.

“मग तुम्ही जेवत काहून नाही, बाबा?”

 ते म्हणाले, “तुझी आई बंद करे तो. म्हणे, पुरे झालं, चला जेवाले. कव्हर टाके त्याच्यावर. मंग मी उठो.”

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. बंद पडणारा रिसीव्हर त्यांना रोज जेवायला उठवत होता, आणि मी तो दुरुस्त करून बसले होते.

दुसऱ्या दिवशी गाणी सुरू झाल्यावर मी कपाटातून कव्हर काढलं आणि रिसीव्हरवर घातलं.  यानं तो एक दिवस जळणार, हे मला ठाऊक आहे. मी पोळ्या करत कान तिकडेच लावले होते.

खट्कन आवाज झाला. बाबा गुडघ्यांवर हात टेकून उठले.

“आलो,” ते म्हणाले.

मी हाक मारलीच नव्हती.