आठ विवाह आणि वसुधाताई

कोलकात्यात आपली मराठी घरं तशी मोजकीच, पण किस्से म्हणाल तर डबे भरून. त्यात जोगळेकरकाकांनी आमच्या रविवारच्या बैठकीत विवाहाचा इतिहास सांगायला घेतला. मग तर विचारूच नका.

काका रेल्वेतले, राहायला गार्डन रीचला. पहिल्याच रविवारी राजेलोकांच्या अनेक राण्यांवर आले आणि अगदी रंगात आले. काकू पोह्यांच्या बश्या ठेवत म्हणाल्या, "आणा की तुम्हीही दुसरी. तुमचा चष्मा शोधायला एक माणूस वाढेल."

काकांनी राजे तिथेच आवरते घेतले.

पुढच्या वेळी मेघालय. तिथल्या काही लोकांत लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी नांदायला जातो, हे ऐकून सगळे बाप्ये खो खो हसले. एकटे नेने गप्प. त्यांच्या बायकोची बँकेत बदली होते आणि हे लॅपटॉप नि कुकर घेऊन मागोमाग. नागपूर झालं, भुवनेश्वर झालं, आता इथे.

"हसता काय?" नेने म्हणाले. "नांदायला अक्कल लागते."

मग आले शास्त्रातले आठ विवाह. काका गांधर्वविवाहापर्यंत पोचले, म्हणजे आईबापांना न विचारता दोघांनीच ठरवलेला. तेवढ्यात न्यू टाउनला आयटीत असलेली मुग्धा म्हणाली, "काका, माझा हा प्रकार. मुलाचं नाव अनिर्बाण."

तिची आई, वसुधाताई, शेजारीच बसलेली. आम्ही श्वास रोखून बघतोय. ताईंनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "मासे साफ करायला जमणार आहे का तुला?"

झालं, लग्न ठरलं. नवरा गेल्यावर ताईंनी मुग्धाला एकटीनं वाढवलेलं, त्यामुळे हौस दांडगी. आणि अनिर्बाणच्या आजीचा निरोप आला की आईनं आपल्या लेकराचं लग्न बघायचं नाही, अशुभ असतं. बंगाल्यांत तसा रिवाज आहे खरा, मुलाची आईसुद्धा घरीच थांबते. पण आम्ही जाम भडकलो. काका तर आठही विवाह घेऊन आजीशी भांडायला निघाले होते.

"नको," वसुधाताई म्हणाल्या. "पुढे काही झालं तर पोरीला बोल लागेल."

लग्नाच्या संध्याकाळी त्या हॉलच्या मागच्या खोलीत दाराकडे पाठ करून बसल्या. सोबतीला मी. बाहेर शंख वाजला, बायकांनी जीभ हलवत 'उलूलू' असा उलुध्वनी सुरू केला. दाराच्या फटीतून मला दिसलं, मुग्धाला पाटावर बसवून, तोंडापुढे विड्याची पानं धरून मांडवात नेत होते. ताई नुसत्या पदराचं टोक पिळत होत्या. मला फार वाईट वाटलं.

एवढ्यात दार उघडलं आणि अनिर्बाणची आई आत आल्या. खरं तर त्यांनी तिकडे बजबज गावात, आपल्या घरी असायला हवं होतं. टॅक्सी करून आल्या होत्या, तेही घरातल्या साडीवर. त्यांनी ताईंचा हात धरला आणि हिंदीत म्हणाल्या, "दीदी, आपापल्या लेकराचं बघायचं नाही ना? मग मी तुमच्या मुलीचं बघते, तुम्ही माझ्या मुलाचं बघा. उठा लवकर."