वळसंगची बस

रविवार, फाल्गुनातली सकाळ. हजर: मी, माझी धाकटी बहीण, तिचा नवरा, तिची सासू, जिला सगळे अव्वा म्हणतात, आणि दुधनीहून गाडी घेऊन आलेले चुलत सासरे. चुलत सासऱ्यांना मी बोलावलं नव्हतं.

काम एकच होतं. बहिणीने एसटीने एकटीने वळसंगला जायचं आणि एकटीने परत यायचं. काम मानसोपचाराच्या डॉक्टरांनी दिलेलं. आमचे वडील छातीत कळ येऊन गेले, तेव्हापासून तिला बसमध्ये धडधड, घाम, आता मरते असं व्हायचं. हृदयाच्या तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या. डॉक्टर म्हणाले, हा चिंतेचा आजार. काळजीचा स्वभाव घराण्यातलाच, त्यात धक्का बसला. समोर साप नसताना अंग साप दिसल्यासारखं वागतं. गोळी चालू ठेवायची आणि भीतीतून पळायचं नाही. ती चढते तशी उतरते, हे तिने स्वतः बघायचं. घरच्यांना सूचना: सोबत देऊ नका.

ही सूचना त्या घराला शिवीसारखी लागली. आजारी सुनेला एकटं सोडलं तर गल्ली काय म्हणेल, म्हणून अव्वांनी सोबतीच्या पाळ्या लावलेल्या. न्हाणीच्या दाराबाहेरसुद्धा कुणीतरी पाट टाकून बसायचं. त्या पाळ्यांनी बहिणीला एवढंच शिकवलं, की एकटं असणं म्हणजे धोका.

"दुधनीला न्हेतो. आराम पडंल," चुलत सासरे म्हणाले.

"पडेल, काका. मग ती दुधनीच्या घरातूनही बाहेर पडणार नाही."

"बसमदी काय झालं तर तुमी हाय का तितं?" अव्वांनी विचारलं.

"नाही. कुणीच नाही. औषधच ते आहे."

"मग डॉक्टर पैसे कशाचे घेतो? एकटं तर फुकट बी सोडता येतं की."

बहीण गाडीत बसली नाही. पिशवी घेऊन स्टँडकडे निघाली. थोड्या वेळाने तिचा नवरा दिसेना. विचारलं तर अव्वा म्हणाल्या, "पेट्रोल भराया गेलाय."

दुपारी दोघं मोटरसायकलवरून आली. कुंभारीच्या पुढे तिची धडधड सुरू झाली होती. ती खिडकीचा गज धरून बसून राहिली आणि वळसंग यायच्या आत धडधड आपोआप ओसरली. खाली उतरली, तर समोर नवरा, लिंबू आणि पाण्याची बाटली घेऊन. अव्वांनीच त्याला बसच्या मागे पिटाळलं होतं.

"हे होते म्हणून निभावलं, ताई," बहीण म्हणाली.

"त्यांना तू पाहिलंस कधी?"

"उतरल्यावर."

"आणि धडधड थांबली कधी?"

उत्तर अव्वांनी दिलं. "तो मागं हाय हे जिवाला कळतं की."

चुलत सासरे हसले. मी सांगितलं, पुढच्या रविवारी मोटरसायकलची किल्ली माझ्याकडे राहील. बहीण हातपाय धुवायला न्हाणीत गेली, तशा अव्वा उठल्या आणि दाराशी पाट टाकून बसल्या.

वळसंग, एकटीने: राहिलंय.