मागं राहिलेली पात

मी मोर्शीची. तोंडानं फटकळ. हे माहेरी ऐकलं, सासरी अकोल्यात ऐकलं आणि अकोटच्या ज्या कॉलेजात बारावीला जीवशास्त्र शिकवलं तिथंही ऐकलं. पण फटकळ माणसाचा आनंदही फटकळच असतो, म्हणून आधीच सांगून टाकते, ही आम्ही जिंकल्याची गोष्ट आहे.

बोंडअळीची वर्षं होती ती. हाताला लागेल तेवढा कापूस लवकर घरात आणायचा, आणि मजूर लावायची ऐपत फार कोणाची उरली नव्हती. त्यामुळे पहिल्या वेच्याची सीतादही झाली, शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवला, की माझ्या पोरी ओट्या बांधून कापूस वेचायला. वर्गात मी आणि बाक. त्यात दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या पोरींना बारावीचं सायन्स इंग्रजीत! शिकवलं तरी पालथ्या घड्यावर पाणी.

म्हणून मी सगळ्यांना एकदम लिहिता येईल असं एक ऑनलाइन पान उघडलं. प्रत्येकीच्या नावासमोर धड्याचा एक भाग. तो आपल्या बोलीत मांडायचा, बाकीच्यांनी त्यावर प्रश्न विचारायचे. सुरुवातीला काय आलं? गाइडातली वाक्यं जशीच्या तशी, आणि खाली जोडलेल्या हातांची चित्रं! मी ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकला, "पोट्ट्यांनो, गाइड मले बी वाचता येते. तुमाले काय समजलं ते सांगा!"

ते लागू पडलं. दुपारी भाकर खाताना, जिथं रेंज येई त्या धुऱ्यावर पोरी फोनभोवती बसून बोलायला लागल्या. "हे असं कावून?" "थांब, तुले सांगतो." मागं बैलांच्या घंटा आणि पुढं पेशीविभाजन. मी एसटीत फोन कानाला लावून ऐकायची आणि एकटीच हसायची. शेजारच्या बाया सरकून बसायच्या.

एकीची जागा मात्र रिकामीच. वेचायला तिचा हात सगळ्यात चपळ, म्हणून तिला घरचे सोडत नसत. घरातला एकुलता फोन बापाच्या खिशात. तिला नर्सिंगला जायचं होतं. हजेरी इतकी कमी, की प्राचार्यांनी सांगून टाकलं होतं, बारावीला बसू देणार नाही. आणि बाप म्हणाला होता, "यंदा झालं तर झालं, नाही तर पुरे."

एक दिवस पाहते तर तिची जागा बरीचशी भरलेली. पण लिहिणाऱ्या चौघी वेगळ्या! पानावर ज्याचं त्याचं नाव दिसतंच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन केला आणि जी हाती लागली तिला झापलं, "लाज नाही वाटत कॉपी करायले?"

ती एका मुसलमान शेतकऱ्याची लेक, वर्गातली म्होरकी. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "मॅडम, कॉपी नाही हो. तिची पात मागं राहिली होती."

पात म्हणजे वेचताना प्रत्येकीनं धरलेली ओळ. जिची आधी संपते ती बांधावर बसत नाही. ती मागं राहिलेलीच्या ओळीत दुसऱ्या टोकाकडून शिरते. "ती इकून येते, आमी तिकून. मधात भेटतो. तिची झाल्याबिगर कोणीच घरी जात नाही," पोरगी म्हणाली. "धड्याचं शेवटचं आमी लिहिलं, सुरुवातीचं आज ती लिहून राहिली. दुसरीच्या फोनवर."

बाप्पा! मी पान पुन्हा उघडलं. वरून खरंच एकेक ओळ उमटत होती, चुकत, खोडत, पुन्हा उमटत. मग मीच सगळ्या वर्गाला तसा नियम घालून दिला.

प्राचार्यांना तो पटेना. "एकीचं काम चौघींनी केलं, याले शिकणं म्हणता?" मी म्हटलं, "सर, समोर उभी करून विचारा. नाही आलं तर नका देऊ हॉल तिकीट." बोलून बसले आणि मग ध्यानात आलं, पणाला माझं काहीच नव्हतं. जे होतं ते त्या पोरीचं.

दुपारी तिला शेतातून बोलावलं. ओढणीला कापसाची पत्ती चिकटलेली. सर म्हणाले, "हृदयातून रक्त कसं फिरते, सांग." तिनं फळ्यावर चार कप्पे काढले. अशुद्ध रक्त उजव्या वरच्या कप्प्यात आलं, खालच्यात उतरलं, आणि तिथंच घोडं अडलं. खडू फळ्यावर टेकलेला. सरांनी घड्याळ पाहिलं. मी साडीचा पदर मुठीत आवळला.

तिनं वळून विचारलं, "सर, दुसऱ्या टोकाकून येऊ का?"

सर म्हणाले, "ये."

"अंगात शुद्ध रक्त जाते ते महाधमनीतून. महाधमनीत येते डाव्या खालच्या कप्प्यातून. तिथं वरच्यातून. अन् वरच्यात..." ती थांबली, डोळे लकाकले. "वरच्यात फुफ्फुसातून! म्हंजे उजवीकून ते फुफ्फुसातच गेलं पायजे." तिनं खडूनं दोन्ही बाजू जोडल्या.

सरही काही कच्चे नव्हते. "पण उजवीकून नेते ती धमनी. धमनीत शुद्ध रक्त असते ना?"

"बाकीच्यात असते, सर. हीच एक धमनी उलटी हाय. अशुद्ध घेऊन जाते."

सर खुर्चीतून उठले. "मॅडम, हिचं हॉल तिकीट काढा," म्हणाले, आणि स्वतःच फळ्यावरच्या आकृतीवरून पुन्हा एकदा बोट फिरवून पाहिलं. मी सरांसमोरच टाळी वाजवली. वाजवणारच!

बाहेर आलो तर व्हरांड्यात पोरींचा घोळका. गावाकडची एसटी केव्हाच निघून गेली होती, पुढची दिवेलागणीला. मी नेहमीसारखी डाफरले, "गाडी गेली ना तुमची! कावून थांबल्या?"

म्होरकीला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं.

"हिची पात व्हायची होती ना, मॅडम."