ओव्हिडची मोरी

ओव्हिड थिबो गेला त्या दिवशी मी वहीत तीनच ओळी लिहिल्या. सकाळी धुकं. ओढ्याचं पाणी नऊ इंच. ओव्हिड पहाटे गेला. साठ वर्षं रोज वही लिहिते आहे, पण त्या दिवशी चौथी ओळ काही सुचली नाही. ती राहिलेली आता लिहिते.

ओव्हिड आणि मी एकाच शाळेत होतो, सिस्टरांच्या. तो माझ्या मागच्या वर्गात. डावखुरा होता. सिस्टर सेराफिनने त्या हातावर इतक्या पट्ट्या मारल्या, की पुढे त्याने सहीपलीकडे कधी काही लिहिलं नाही. मोठा झाल्यावर गावच्या रस्त्यांच्या कामावर लागला. माझा नवरा लिओ आणि तो एकाच गाडीवर बसून तेहतीस हिवाळे बर्फ ढकलत होते. व्हरमाँट राज्याच्या या टोकाला रस्ते कच्चे, मार्चमध्ये चाकं आसापर्यंत चिखलात जातात. रस्त्याखालची कुठली मोरी कधी तुंबते, कुठल्या मोरीत बीव्हर, ते बांध घालणारं जनावर, फांद्या कोंबतं, हे त्याला तोंडपाठ होतं.

निवृत्त झाल्यावर त्याने दाताळ्याच्या एका जुन्या दांड्यावर इंचाइंचाच्या खाचा पाडल्या. रोज सकाळी तो दांडा ओढ्यात घालायचा, मग माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन बोटांनी आकडा दाखवायचा. मी लिहून ठेवायची. लिओ गेल्यानंतर कित्येक दिवस ती बोटं सोडून दुसऱ्या माणसाशी माझी गाठही पडायची नाही.

त्या आकड्यांवरूनच आम्हाला कळलं. आठवडाभर रिमझिमणारा पाऊस आता एका दुपारीच कोसळायला लागला होता. आरागिरणीच्या रस्त्याखाली एक अरुंद लोखंडी नळाची मोरी होती. ओढा फुगला की पाणी तिच्यात मावायचं नाही. आणि तिच्या खालच्या अंगाला, पाण्यापासून वीस पावलांवर, ओव्हिडची थोरली बहीण ऑरोर राहायची. दोघंही त्याच घरात जन्मलेली.

"तू वर गावात ये राहायला," ओव्हिड तिला म्हणायचा.

"का? मोरी तुझी तुंबते आणि घर मी सोडू?" ऑरोर म्हणायची. "तू मोरी मोठी कर. मी इथेच मरणार."

तिचं ते वाक्य त्याने मनावर घेतलं. राज्याची एक इंजिनीअरबाई आली, मापं घेऊन गेली. रुंद काँक्रीटची मोरी बसवता येईल, बहुतेक पैसा वरून मिळेल, गावाने आपला वाटा उचलायला हवा, असं ठरलं. त्यासाठी मार्चच्या वार्षिक गावसभेत मत घ्यायचं होतं.

पण तोवर निवडणूक होऊन गेली होती. वरचं सरकार बदललं, गावच्या तीन पंचांतले दोन बदलले. लोकांच्या अंगणांत आपापल्या पक्षाच्या पाट्या लागल्या आणि निवडणूक संपली तरी निघाल्या नाहीत. गावसभेत पूर्वी माणसं शेगडीच्या ओढीने बसायची, आता पाट्या बघून बसायला लागली. नव्या पंचांतला डेल कॉफ्रिन हा ओव्हिडच्याच हाताखाली रस्ता सपाट करायचा ग्रेडर चालवायला शिकलेला.

"ठरावातला तो 'हवामान' शब्द काढ, म्हाताऱ्या," डेल म्हणाला. "तो ऐकला की माझी अर्धी माणसं कान बंद करतात."

"तो त्या इंजिनीअरबाईने घातलाय. मी नुसतं पाणी म्हणालो होतो."

"मग पाणीच ठेव."

ओव्हिडने शब्द काढायला लावला. तर शहरातून येऊन टेकडीवर घरं बांधलेली मंडळी रुसली, शब्द का काढला म्हणून. त्यांच्यातले चौघे सभेला आलेच नाहीत.

"मोरी पाहिजे का कुणाला?" ओव्हिड माझ्यापाशी वैतागून म्हणाला. "का नुसतं बारसं करायचंय तिचं?"

सभेच्या दिवशी सकाळी, सभा भरते त्या शाळेच्या दारात त्याने मला गाठलं.

"सेलेस्ट, जेवण झालं की बाहेर येऊन बस. भांडी राहू देत."

"तुझं मोरीचं कलम एकोणिसावं ना? तीनच्या आधी यायचं नाही ते. वहीत बघून सांगते, गेल्या एकतीस वर्षांत एकदाही आलेलं नाही."

"बस म्हटलं तर बस ना."

"अरे, पातेली करपलेली असतात. कोण घासणार, तू?"

तो हसला आणि आत गेला.

दुपारी सगळं गाव एकत्र जेवलं. बीन्स, हॅम, पाव, मेपलच्या पाकाची गोड पेस्ट्री. मग माणसं खुर्च्यांवर परतली आणि आम्ही नऊजणी शाळेच्या स्वयंपाकघरात शिरलो. नेहमीप्रमाणेच. नळ जोरात सोडलेला, ताटल्या वाजत होत्या, ऑरोर तिच्या चुलतभावाच्या तिसऱ्या लग्नाचा किस्सा सांगत होती आणि आम्ही हसून हसून वाकत होतो.

बाहेर काय झालं ते नंतर कळलं. जेवण होताच कुणीतरी उठून म्हणालं, एकोणिसावं कलम आधी घ्या, म्हणजे लोकांना घरी जाता येईल. सभापतींनी विचारलं, आवाजी होकार आला. ओव्हिड उभा राहिला.

"सभापती, बायका आत आहेत."

"दार उघडं आहे, ओव्हिड. कुणी अडवलेलं नाही त्यांना."

कलमावर तोच बोलत होता, त्यामुळे जागा सोडून आम्हाला बोलवायला येता येईना. दुसऱ्या कुणी उठलं नाही. माणसं उभी करून मोजली. बाजूने सत्तावन्न, विरुद्ध एकसष्ट. पुढचं कलम सुरू झालं, की मागचं पुन्हा उघडता येत नाही. ओव्हिड स्वयंपाकघराच्या दारात आला, तेव्हा पुढचं सुरू झालं होतं.

"आलास का बिनकामाचा! घे टॉवेल," ऑरोर ओरडली.

त्याने टॉवेल घेतला आणि एक ताटली पुसली. मग म्हणाला, "पडलं."

नऊजणींतल्या एखाद-दोघी विरुद्ध गेल्या असत्या, असं धरलं तरी आम्ही पुरून उरलो असतो. मी तिथेच डोक्यात बेरीज केली. अजूनही करते.

ऑरोरने मात्र हात पुसले, त्याच्या गालावर थोपटलं आणि म्हणाली, "जाऊ दे रे. पुढच्या वर्षी."

जुलैत एका दुपारी साडेपाच इंच पाऊस पडला. मोरी चारच्या सुमारास तुंबली, पाणी रस्त्यावरून गेलं आणि मग रस्ताच गेला. डेल मोठी गाडी घेऊन पाण्यात उतरला. ऑरोरला त्याने खिडकीतून काढलं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. संध्याकाळपर्यंत घर पायावरून सरकलं, मग ओढ्याच्या वळणावर फुटलं. ओव्हिड पलीकडच्या काठावर उभा होता. दांडा हातात होता, पण आता मोजणार काय?

ऑरोर भाचीकडे शेजारच्या राज्यातल्या मँचेस्टरला गेली, तिसऱ्या मजल्यावर. फोनवर म्हणायची, "इथे पाण्याचा आवाज फक्त नळाला येतो." जानेवारीत तिथेच वारली. इथे मरणार म्हणाली होती, ते राहिलंच.

मी ओव्हिडला म्हणाले, "बाहेर येऊन बस म्हणून तू मला सांगितलं होतंस."

"भांडी तर घासायलाच हवी होती," तो म्हणाला. एवढंच. रागावला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या मार्चमध्ये तेच कलम पुन्हा आलं. मांडलं डेलने. वरचा पैसा आता मिळणार नव्हता, मोरी त्यामुळे जरा लहान धरली होती, आणि खाली वाचवायला घर उरलेलं नव्हतं. जेवण संपलं. आम्ही सवयीने उठलो, तर ओव्हिड आधीच आत, बाह्या सरसावून नळाशी उभा.

"बाहेर जा सगळ्याजणी."

"आणि तुझं मत?" मी विचारलं.

"आज कमी नाही पडणार. जा."

कमी पडलं नाही. विरुद्ध कोण, असं सभापतींनी विचारलं तेव्हा एकही हात वर गेला नाही. आतून ताटल्यांचा आवाज तेवढा येत होता.

सांगायला मी आत गेले. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. कपाटाच्या तळाला सापडलेलं बीन्सचं एक मातीचं भांडं त्याने घासून पालथं घातलं होतं. बुडाला चिकटपट्टी होती, तिच्यावर ऑरोरचं नाव, तिच्याच अक्षरात. मागच्या सभेच्या गडबडीत ते न्यायचं राहिलं होतं. वाहून गेलेल्या त्या घरातली तेवढी एकच वस्तू उरली होती.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं. सगळ्यांनी हात वर केले."

"बरं," तो म्हणाला. "एखादा कोरडा टॉवेल दे. हे घरी न्यायचंय."